भिवराबाईचं दोनदा झालेलं निधन

सोमेश्वरनं भिवराबाईला बटन दाबून मारली, ही बातमी शिरूर कासारच्या एसटी स्टँडवर अजूनही चहाबरोबर मिळते. सांगणारा बदलला की बातमीचा आवाज बदलतो. पिठाच्या गिरणीवरचा माणूस ती डोळे बारीक करून नाकातून सांगतो: "आधार नंबर टाकला, एंटर मारला, अन् तिकडं म्हातारी हातातली भाकर हातात ठिवून आडवी." सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा थांबवतो आणि मगच सांगतो, की सोमेश्वरचा डोळा तिच्या जमिनीवर होता. बांगड्या विकणारी विमलबाई तर म्हणते, त्यानं कर्नाटकातून मंतरलेलं सॉफ्टवेअर आणलंय.

यातलं खरं एवढंच, की बटन दाबलं होतं. भिवराबाई ठणठणीत आहे. वस्तीवरून जाणाऱ्या कुणालाही ती शेळीला शिव्या देताना ऐकू येईल, आणि त्या शिव्या मेलेल्या माणसाच्या वाटत नाहीत. जमीन म्हणाल तर माळावरचा एक खडकाळ तुकडा. त्यात कुसळं येतात. तो फुकट दिला तरी सोमेश्वर घ्यायचा नाही.

ही अफवा ऐकून सगळं गाव हसतं, एकटा सोमेश्वर हसत नाही. त्याच्या मते ती खोटी आहे, पण पुरती खोटी नाही.

सोमेश्वर तिशीचा. उंच, जरा वाकून चालणारा, आणि काहीही बोलायच्या आधी "म्हणजे कसंय" म्हणणारा. पाणी मागायचं असलं तरी म्हणतो, म्हणजे कसंय, पाणी पाहिजे होतं. त्याचे आईबाप ऊसतोडीचे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीवर यायचा. भांडी, कोंबड्या, गोधड्या, पोरं सगळी त्यात चढायची आणि गुढीपाडव्यापर्यंत गाव अर्धं रिकामं राहायचं. सोमेश्वर मात्र कधी चढला नाही, कारण भिवराबाई ट्रॅक्टरच्या चाकापाशी उभी राहायची. पोरगं साळंत हुशार हाय, म्हणायची, ऱ्हाऊ द्या माज्यापाशी, माज्या मंगलच्या ताटात खाईल. तिचा नवरा लवकर गेला होता. घरात ती आणि मंगल, त्यात हा तिसरा. असे कितीतरी हिवाळे त्यानं तिची बाजरीची भाकर खाल्ली. मंगल पुढे ऊसतोडीच्याच घरात पडली आणि दरसाल कर्नाटकात जाऊ लागली. ज्याला भिवराबाईनं ट्रॅक्टरवरून उतरवलं तो खुर्चीवर बसून काम करणारा झाला, आणि तिची स्वतःची लेक ट्रॅक्टरवर चढली. हे भिवराबाईनं कधी बोलून दाखवलं नाही. सोमेश्वरनं मात्र ते मनात ठेवलं होतं.

तिचा थोरला भाऊ बंकट लिंबागणेशचा. मेंढरं राखणारा. हिवाळ्यात डोंगराकडेनं कळप घेऊन यायचा तेव्हा सोमेश्वरला खांद्यावर बसवून माळभर हिंडवायचा. सोमेश्वर त्याला मामा म्हणायचा, अजून म्हणतो. गेल्या साली बंकटमामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. भिवराबाईच्या भाषेत, त्याचं काळीज उसवून परत शिवलं. तेव्हापासून त्याला वाईट बातमी सांगायची नाही, असा घरचा नेम.

सोमेश्वर बीडला शिकला, पुण्यात एका कंपनीत वेबसाइटी बनवत होता, आणि इकडं इंटरनेट बरं चालायला लागल्यावर परत आला. शिरूरला खताच्या दुकानावर त्याची खोली आहे. आता वेबसाइट बनवायची म्हणजे एकेक पान हातानं विणत बसावं लागत नाही. तयार सांगाडा मिळतो. त्यात मजकूर भरायचा, तो कुठल्या रकान्यात टाकायचा ते सांगायचं, की पान आपलं आपण सजून उभं राहतं. लग्नाचं असेल तर तोरण येतं, बाजारभाव असेल तर तक्ता येतो. अशा वेबसाइटी त्यानं मंगल कार्यालयाच्या केल्या, दूध डेअरीच्या केल्या, आणि वस्तीची एक केली ती हौसेनं.

वस्तीच्या वेबसाइटवर पाण्याची पाळी होती, जत्रा होती, लग्नं होती. पण लोक बघायचे तो रकाना एकच, निधन. अर्धं गाव उसाच्या फडात, घरची खबर कळणार कुठून? निधनाच्या पानाचा थाट सोमेश्वरनं जीव लावून केला होता. काळी चौकट, फोटोला आपोआप पडणारा झेंडूचा हार, खाली पेटती समई, आणि वर ठळक अक्षरात दुःखद निधन. शिवाय तो स्वतः त्या घरी जाऊन, बसून, खात्री करून यायचा आणि मगच टाकायचा. त्यामुळे फडात लोक म्हणायचे, फोनवर कुणी काहीबी सांगंल, सोम्याच्या पाटीवर आलं तर गेलंच. हा विश्वास त्याची सगळ्यात मोठी कमाई होती, आणि ती त्यानं कशी उडवली ती ही गोष्ट.

तूर बडवायचे दिवस होते. भिवराबाई अंगणात काठी घेऊन तुरीचे पेंढे झोडत होती आणि एक कावळा सरळ येऊन तिच्या डोक्यावर बसला. बसला म्हणजे बसला, पदरात नख अडकवून काव केलं आणि गेला. शेजारच्या कडूबाईनं ते पाहिलं आणि हातातली पाटी खाली ठेवली. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणानं येऊन घर बघून जाणं. त्याला तोड एकच. रक्ताच्या माणसाकडे आपण मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. त्या माणसानं तो खरा मानून रडायचं. ते रडलं की मरण समजतं इथलं काम झालं, आणि वाटेला लागतं. मग लगेच खरं सांगून टाकायचं.

पूर्वी यासाठी माणूस जायचा. आता फोन आहेत, पण फोनवर हे जमत नाही. कडूबाईनं तिच्या सासूसाठी हा प्रयोग केला होता. फोनवर नणंदेला "आत्याबाई गेल्या गं" म्हणून हुंदका काढला आणि त्या हुंदक्यातच तिला हसू फुटलं. पलीकडचीही हसली. सासू पुढे दोन वर्षं जगली, पण रोज कडूबाईला म्हणायची, तुज्या हसण्यानं मरणार बघ मी.

म्हणून भिवराबाई एसटी धरून थेट सोमेश्वरच्या खोलीवर आली. खुर्चीवर बसली नाही, खाली बसली, आणि सांगितलं की मला तुज्या पाटीवर मार. मंगलला एकटीला दिसंल असं. ती तिथलं खरं मानती.

सोमेश्वरनं म्हणजे कसंय म्हणून सुरुवात केली. कावळ्याला काय कळतं, असल्या गोष्टी आता कोण मानतं, वगैरे. भिवराबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजी भाकर खाताना तू कदी इचारलं का, चुलीला काय कळतं म्हून?"

सोमेश्वरनं खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली.

जाताना ती दारात थांबली आणि एकच अट घातली. "बंकटला कळू देऊ नको. त्याचं शिवलेलं काळीज हाय, सोम्या. मंगल रडंल अन् उठंल. त्यो उठायचा न्हाई."

सोमेश्वरनं मान डोलावली. इथपर्यंत त्याची चूक कुणी काढू शकणार नाही. मंगलच्या फोनवर हार घातलेला एखादा फोटो पाठवला असता, तरी भागलं असतं. पण खोटं असलं तरी काम बेगडी नको, हा त्याचा पुण्यातून आणलेला रोग. त्याला वाटलं, मंगलला पान खरं वाटलं पाहिजे, आणि खरं वाटायचं तर हार, समई, चौकट सगळं पाहिजे. ते सगळं फक्त निधनाच्या रकान्यात मिळतं. म्हणून त्यानं पोस्ट त्याच रकान्यात लिहिली. मुखपृष्ठावर ती दिसू दिली नाही, यादीतून काढली, मेनूतून काढली. ज्याच्याकडे लिंक त्यालाच दिसेल, असं मनाशी ठरवलं. फोटो म्हणून आधार कार्डावरचा टाकला, दुसरा नव्हता. तिच्या थोर स्वभावाबद्दल दोन ओळी लिहिल्या, त्या लिहिताना त्याच्याच डोळ्यात पाणी आलं, तेव्हा त्याला काम फार छान झाल्यासारखं वाटलं. मग प्रसिद्ध करा हे बटन दाबलं, लिंक मंगलला पाठवली, आणि मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर जेवणाच्या हॉलचे फोटो चढवायला बसला.

थोड्या वेळात त्याचा स्वतःचा फोन वाजला. पडद्यावर आलं होतं: दुःखद निधन, भिवराबाई.

त्यानं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. शब्द त्याचेच होते.

झालं ते असं. वेबसाइटला माणसांसाठी पुढचं दार असतं, पण दुसऱ्या यंत्रांसाठी मागं एक खिडकी ठेवलेली असते. तिला एपीआय म्हणतात. यंत्र त्या खिडकीशी येतं, अमुक रकान्यात नवीन काय आहे विचारतं, आणि खिडकी जे प्रसिद्ध झालंय ते सगळं काढून हातावर ठेवते. मुखपृष्ठावर काय दिसतं, मेनूत काय आहे, याच्याशी खिडकीला देणंघेणं नाही. आदल्या उन्हाळ्यात बीडच्या भागवतनं, जो जिल्ह्याच्या बातम्यांचं एक अ‍ॅप चालवतो, सोमेश्वरला म्हटलं होतं की तुझी निधनं माझ्या अ‍ॅपला दे, लोकांना उपयोग होईल. सोमेश्वरनं तो जोड स्वतःच्या हातानं करून दिला. भागवतचं यंत्र सारखं खिडकीशी यायचं, निधनात नवीन काय विचारायचं आणि मिळालेलं जिल्हाभरच्या फोनांवर वाजवायचं. त्या कामाचा सोमेश्वरला इतका अभिमान होता की चहा पिताना समोरच्याला तो समजावून सांगायचा, कपबशी म्हणजे वेबसाइट आणि बिस्कीट म्हणजे भागवत.

पुढचं दार त्यानं लावलं होतं. मागची खिडकी त्यानंच उघडली होती, आणि तीच विसरला.

त्यानं धडपडत पोस्ट उडवली. पण फोनांवर गेलेलं परत येत नव्हतं. भागवतला फोन केला. भागवत गेवराईला कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकत होता, मागं बँड वाजत होता. त्यानं ओरडून सांगितलं की गेलं ते गेलं, माझ्या हातात आत्ता काही नाही, तूच दुरुस्तीची बातमी टाक, यंत्र आपोआप उचलंल.

यंत्र आपोआप उचलणार होतं, पण एकच रकाना. निधन.

तेव्हा सोमेश्वरनं निधनाच्या रकान्यातच नवी पोस्ट लिहिली: भिवराबाई जिवंत आहेत, आधीची बातमी चुकीची. प्रसिद्ध केल्यावर त्याच्या लक्षात आलं की सांगाडा आपलं काम चोख करतो. फोटोला हार पडला, समई पेटली, आणि जिल्हाभरच्या फोनांवर वाजलं: दुःखद निधन, भिवराबाई जिवंत आहेत. यावर वस्तीत, स्टँडवर, बाजारात एकच वाद लागला, की पहिली मेली ती कोणती आणि जिती असून मेली ती कोणती. बहुतेकांनी निकाल दिला की दोघी गेल्या.

बंकटमामाकडे फोन नव्हता. मेंढरांमागं फिरणाऱ्याला फोन कशाला, असं तो म्हणायचा. कुणी त्याला वाचून दाखवायच्या आत पोचायचं म्हणून सोमेश्वरनं मोटरसायकल काढली.

शिरूर सुटलं आणि वारा तोंडावर लागला तसं त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरायला लागलं. त्यो उठायचा न्हाई. नारायणगडाचा फाटा मागं पडला, तेव्हा त्याला आठवलं की इथंच, ह्याच फाट्यावर, बंकटमामानं त्याला खांद्यावरून खाली उतरवून रेवड्या घेऊन दिल्या होत्या आणि म्हणाला होता, खा, आणि मंगलला अर्ध्या ठेव. त्यानं ठेवल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याला आठवली नव्हती, आणि आता ती आठवून डोळे भरून आले. रस्ता नीट दिसेना. त्यानं गाडी हळू केली, मग वाटलं हळू करायला आता वेळ कुठं आहे, आणि परत पळवली. पोचलो आणि मामा आडवा दिसला तर काय म्हणायचं, याची तो वाटेत तयारी करत होता. म्हणजे कसंय, म्हणून सुरू व्हायचं आणि पुढे काहीच सुचायचं नाही.

लिंबागणेशला देवळाच्या वाटेवर त्रिंबकचं चहाचं हॉटेल आहे. बंकट रोज सकाळी तिथं बसतो, म्हणून सोमेश्वर आधी तिथं गेला. बाकावर बंकट नव्हता. त्रिंबक चहा गाळत होता. सोमेश्वरनं विचारलं तसं त्यानं गाळणी खाली ठेवली.

त्रिंबकनंच ते वाचून दाखवलं होतं. त्याला काय माहीत. फोन वाजला, नाव ओळखीचं दिसलं, म्हणून मोठ्यानं वाचलं. म्हातारा ऐकून तसाच बसून राहिला. पाणी दिलं तर घेतलं नाही. चहा गार झाला. मग उठला आणि समोरच्या कापडाच्या दुकानात गेला.

सोमेश्वरला कापडाचं दुकान म्हणताच कळलं. बहीण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. ते भावानं आणायचं. ते पडल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत.

"जांभळ्या काठाचं घेतलं," त्रिंबक म्हणाला. "दुकानदारानं साधं काढलं तर म्हणला, न्हाई, तिला काठाचं आवडतं. मग काळीपिवळी जीपीत बसून गेला."

"रडला का?"

"न्हाई. डोळे कोरडे. त्याचंच मला भ्या वाटलं."

दुसरी बातमी आली नाही का, असं सोमेश्वरनं विचारलं. आली होती. त्रिंबक म्हणाला, त्यातबी निधनच लिव्हलंतं, आमी म्हणलं दुसरं कुणी गेलं आसंल, म्हाताऱ्याला आणखी कशाला सांगायचं.

परतीची वाट सोमेश्वरला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की एका वळणावर काळीपिवळी कडेला उभी होती आणि लोक गोल करून खाली बघत होते. तो गाडी टाकून धावला. लोक पंक्चर झालेल्या चाकाकडे बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, लुगड्याची पिशवी छातीशी धरलेला म्हातारा? तो थांबायला तयार नव्हता, दुधाच्या टेम्पोत बसून पुढं गेला. सोमेश्वर तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. ड्रायव्हरला वाटलं याला गाडी लागली. त्यानं पाणी दिलं.

वस्तीवर पोचला तर भिवराबाईच्या अंगणात माणसं. बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. सोमेश्वरनं मोटरसायकल बांधावरच सोडली, ती पडली, त्यानं वळून पाहिलं नाही. हात जोडून तो बायकांच्या मधून वाट काढत गेला.

भिंतीशी दगडावर बंकटमामा बसला होता. मांडीवर लुगड्याची पिशवी. हातात पितळी, तिच्यातला चहा तो फुंकून पीत होता. शेजारी भिवराबाई चुलीला जाळ घालत त्याला बोलत होती, की ऑपरेशन झालेल्या माणसानं टेम्पोत बसायचं का, अक्कल कुठं गहाण टाकली. बायका जमल्या होत्या त्या मयताला, आणि मयत चहा करत होतं, तर उठावं की बसावं हे न कळून बसल्या होत्या.

काय घडलं ते कडूबाईनं सांगितलं, आणि ती सांगताना बंकटचं चालणंही करून दाखवत होती. म्हातारा दारात आला. भिवराबाई भाकर थापत होती, तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, आरं तू. त्यानं तिच्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, आणि मग दारातच बसकण मारून लहान पोरासारखा भोकाड पसरून रडला. इतका रडला की शेळी दावं तोडून पळाली.

आता कडूबाईचा आक्षेप असा होता की हे रडणं चालत नाही. मेली समजून रडायचं असतं. हा जिती बघून रडला. कावळा ऐकायचा नाही. दोन-तीन बायकांना ते पटलं. पलीकडच्या छबुबाईचं म्हणणं, पाणी तर पाणी, डोळ्यातून आलं ना. बराच वेळ यावर खल झाला. शेवटी भिवराबाईनं फुंकणी आपटून निकाल दिला की माझं मरण, माझा भाऊ, रडणं पावलं.

आणि जिच्यासाठी हे सगळं केलं त्या मंगलचा फोन संध्याकाळी आला. दिवसभर फडात रेंज नव्हती. कोपीवर, फडाजवळच्या झोपडीवर, आल्यावर लिंक उघडली, तर तिथं लिहिलेलं, हे पान सापडत नाही. "सोमादादा, काय पाठवलतं? उघडत न्हाई," ती म्हणाली. जिला रडवायचं होतं तिला काही दिसलं नाही, आणि ज्याला दिसू द्यायचं नव्हतं तो लुगडं घेऊन आला.

सोमेश्वरनं बंकटला त्याच दिवशी सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही. रात्रीचं जेवण झालं, तरी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बंकट बांधावर पडलेली मोटरसायकल न्याहाळत उभा होता, तेव्हा तो जवळ गेला.

"म्हणजे कसंय, मामा," तो म्हणाला, "ते मीच टाकलतं. चुकून न्हाई. हौसेनं टाकलतं. हार दिसावा म्हून."

बंकटनं मोटरसायकलचा वाकलेला आरसा धरून सरळ केला. तो पुन्हा वाकला.

"कडूबाई म्हणती माजं रडणं चालत न्हाई," तो म्हणाला. "तिला सांगू नको. काळीपिवळीत रडलो मी. तोंडावर टावेल घेऊन. लुगड्याला लागू न्हाई म्हून पिशवी लांब धरली. ती मेली समजूनच रडलो. तवा पावलं म्हण." आरशावरचा हात काढून म्हणाला, "दोन साल झाले मी बहिणीकडं आलो नवतो. आलो ते बरं झालं. पर सोम्या, त्या गाडीत जे झालं, ते आणखी कुणाला करू नको."

सोमेश्वरला वाटलं होतं मामा ओरडेल, किंवा हसून सोडून देईल. यातलं काहीच झालं नाही, आणि त्यामुळे ते त्याच्या अंगावरून उतरलं नाही. त्या दिवशी त्यानं भागवतला सांगून जोड तोडला. नवा केला तो असा, की त्यानं स्वतः दुसऱ्यांदा होकार दिल्याशिवाय खिडकीतून काही जात नाही. निधनाच्या रकान्यावर महिनाभर काही टाकलं नाही. लोक फडातून फोन करून विचारायचे, गावात कुणी मरायचं बंद झालं का. वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन त्यानं चूक कबूल केली, इतकी, की लोक कंटाळले. सुकन्या नावाची त्याची चुलत बहीण तर म्हणाली, दादा, आता म्हातारी खरंच मेली तरी तू पुन्हा सांगायला येऊ नको.

भिवराबाईची तक्रार वेगळीच होती. मेल्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. तिला राग फोटोचा होता. आधार कार्डावरचा फोटो, त्यात ती चोर दिसते, आणि त्याला झेंडूचा हार. जिल्हाभर लोकांनी तो बघितला. पुढल्या वेळी चांगला लाव, म्हणून तिनं त्याला दोनदा बजावलं.

राहिलं ते लुगडं. दुकानदार परत घेईना, मयताचा माल म्हणून. मेलेल्यासाठी आणलेलं जित्यानं नेसायचं नाही, हे सगळ्यांना माहीत. कडूबाई म्हणाली देवीला द्या, छबुबाई म्हणाली नदीत सोडा, आणि नदीला पाणी नव्हतं. पिशवी भिवराबाईच्या उतरंडीवर पडून राहिली.

चौकात यावर पैज लागली. गावभराच्या नकला करणारा जो हे लिहितोय, त्यानं सोमेश्वरच्या तोंडावर, सोमेश्वरच्याच आवाजात, मान वाकवून सांगितलं, की म्हणजे कसंय, म्हातारी ते नेसणार न्हाई. पोरं हसली. सोमेश्वर हसला नाही, पण म्हणाला, "नेसंल. हरलास तर चौकात माजी नक्कल बंद. कायमची."

नारायणगडाच्या जत्रेला जीप आली. आधी बंकट उतरला, मग त्याचा हात धरून भिवराबाई. अंगावर जांभळ्या काठाचं कोरं लुगडं, घडीच्या रेघा तशाच. तिनं गर्दीतून सोमेश्वरला हाक मारली, एका झाडाखाली उभी राहिली, पदर नीट केला आणि काढ म्हणाली. बंकट बाजूला सरकत होता, त्याला तिनं ओढून जवळ घेतलं. तो फोटो सोमेश्वरनं ड्राफ्ट म्हणून ठेवलाय, प्रसिद्ध न केलेला. रोज सकाळी कामाला बसण्याआधी तो मागच्या खिडकीचा पत्ता उघडून बघतो, की तिथून भिवराबाई कुठं दिसत तर नाही.

तेव्हापासून चौकात त्याचा आवाज काढता येत नाही. लिहायला मात्र बंदी नव्हती, ते ठरवायचं तो विसरला.